मुरूम कीं खडक?

माझ्या लिहिण्याच्या टेबलावर एक दगड असतो. मुठींत मावेल एवढा, करड्या-तपकिरी रंगाचा, एका अंगास घट्ट आणि दुसऱ्या अंगास नखानें खरवडल्यास भुगा सुटेल असा. उत्तरपत्रिका वाऱ्यानें उडूं नयेत एवढ्यासाठीं तो तेथें ठेवला असावा असें आल्यागेल्यांस वाटतें, आणि मीही त्यांचा तो समज सहसा दूर करीत नाहीं. वास्तविक हा दगड एका दाव्याचा सोबती आहे. त्याचें भावंड पुराव्याची निशाणी अंगावर घेऊन कोर्टाच्या दप्तरांत गेलें. हा मागें राहिला. तो मुरूम कीं खडक, या एका प्रश्नावर अकरा वर्षें दावा चालला, आणि तो चालविणाऱ्या दोघां वकिलांपैकीं एक माझे वडील होते.

वडिलांना आम्ही अण्णा म्हणत असूं. १९५७ पासून १९९६ पर्यंत त्यांनीं साताऱ्यास दिवाणी वकिली केली. वकील म्हटला कीं सामान्य माणसाच्या डोळ्यांपुढें खुनाचा खटला, खच्चून भरलेलें कोर्ट आणि न्यायाधीशासही गहिंवर आणणारें भाषण उभें राहतें. अण्णांच्या सुमारें चाळीस वर्षांच्या वकिलींत असा दिवस एकदांही उगवला नाहीं. त्यांच्याकडे मुख्यतः दोनच प्रकारचीं कामें येत. एक, बांधकामाचे दावे: कालवे, पूल, शाळा, दवाखाने बांधणारे मक्तेदार आणि बांधकामखातें यांच्यांतील देण्याघेण्याचे तंटे. दुसरें, मोटार-अपघातांच्या दाव्यांत विमा-कंपनीच्या वतीनें बचाव. पहिल्या कामास कोयनेनें जन्म दिला. धरण उभें राहत होतें तेव्हांपासून त्या खोऱ्यांत मक्तेदारांची वर्दळ वाढली. पुढें ११ डिसेंबर १९६७ च्या पहाटें भूकंप झाला, आणि पडलेलें पुन्हां उभारतांना मक्ते वाढले तसे तंटेही वाढले. दुसऱ्या कामास खंबाटकीच्या घाटानें अखंड पुरवठा केला. १ जानेवारी १९७३ पासून देशांतील १०७ सर्वसाधारण विमा-कंपन्या चार सरकारी कंपन्यांत विलीन झाल्या; त्यांपैकीं एकीच्या जिल्ह्यांतील वकिलांच्या यादींत अण्णांचें नांव आलें, आणि आमच्या ओसरीवरच्या कपाटांत निळ्या पुठ्ठ्याच्या फायली दाटूं लागल्या.

आतां मुरुमाची आणि खडकाची गोष्ट सांगतों. पाया खणण्याचा दर जमिनीच्या जातीवर ठरतो. माती, मुरूम, मऊ खडक आणि कठीण खडक अशा चढत्या पायऱ्या करारांत लिहिलेल्या असतात. कुदळीपहारीनें निघतें तें एका दरानें, आणि जेथें सुरुंग लावल्यावांचून गति नाहीं तें त्याच्या कितीतरी पट दरानें. म्हणजे एका शब्दावर मक्तेदाराचा नफा किंवा दिवाळें अवलंबून. एका पुलाच्या पायांत आपणांस कठीण खडक लागला असें मक्तेदार म्हणे. ओव्हरसियरनें मोजमापाच्या वहींत ‘मुरूम’ असें लिहून ठेवलेलें. आतां न्यायाधीशानें काय करावें? खड्डा पाहावा, तर त्या खड्ड्यांत पाया भरलेला, पायावर खांब, खांबांवर पूल, आणि पुलावरून एस. टी. ची मोटार रोज जाते आहे. ज्या वस्तूविषयीं वाद ती वस्तु जगांत उरलेलीच नाहीं. उरले ते कागद.

अण्णा मक्तेदाराचे वकील होते. त्यांनीं मोजमापाची वही बाजूला ठेवली आणि मक्तेदाराच्या घरून सुरुंगाच्या दारूचा हिशेब मागविला. स्फोटक द्रव्यांवर १८८४ सालापासून कायद्याची नजर आहे. त्यांचा परवाना लागतो, आणि किती आणलीं, किती वापरलीं याची नोंद ठेवावी लागते. मुरुमांत कोणी सुरुंग लावीत नाहीं! ज्या आठवड्यांत वहींत मुरूम निघाल्याचें लिहिलें होतें, त्याच आठवड्यांत नोंदवहींत दारू उडाल्याचें लिहिलें होतें. या दोन वह्या वर्षानुवर्षें दोन वेगवेगळ्या कपाटांत पडून होत्या. त्या एकमेकींशेजारीं ठेवण्याचें कोणाच्या मनांत आलें नव्हतें. अखेर निम्में माप खडकाचें धरावें असा निकाल झाला. तोंवर मक्तेदार वारला होता. पैसे मुलांनीं घेतले, आणि त्यांच्यापैकीं धाकट्यानें हा दगड अण्णांना आणून दिला.

असल्या दाव्यांच्या दीर्घायुष्याची थट्टा करणें सोपें आहे. आपल्याकडे कोर्टाची वाट चुकविण्यासाठीं लवादाची आडवाट काढलेली होती. परंतु १९४० च्या लवादाच्या कायद्याखालीं ती आडवाट कित्येकदां हमरस्त्याहूनही लांब पडे. लवादानें निवाडा देतांना कारणें दिलींच पाहिजेत असें बंधन त्या कायद्यांत नव्हतें. म्हणजे दहा वर्षें भांडल्यावर हातीं एक आंकडा पडे, आणि तोच कां, हें विचारण्याची सोय नसे. दिल्लींतील एका शिक्षणसंस्थेच्या इमारतीवरून निघालेल्या तंट्यांत खुद्द सर्वोच्च न्यायालयानें १९८१ सालीं या स्थितीबद्दल उघड खेद प्रकट केला. १९९६ सालीं नवा कायदा आला आणि कारणें देणें हा नियम झाला. त्याच वर्षीं अण्णांनीं काळा कोट खुंटीवर ठेवला तो कायमचा. “आतां कारणें वाचायला मिळतील, तर मी घरीं बसलों,” असें ते म्हणत.

हें सगळें मी आज कौतुकानें सांगतों आहें. लहानपणीं मात्र मला अण्णांच्या धंद्याची लाज वाटे. बांधकामाच्या दाव्यांची नव्हे, ते मला कळतच नसत. लाज वाटे ती निळ्या फायलींची. मी दहाबारा वर्षांचा असेन. एके सकाळीं एक बाई आमच्या पायरीवर येऊन बसली. कपाळ मोकळें, पदर डोक्यावरून घट्ट ओढलेला, बरोबर माझ्याच वयाचा एक मुलगा. ती कांहीं बोलेना. नुसती बसून राहिली. आईनें तिला चहा दिला आणि मुलाच्या हातावर लाडू ठेवला. थोड्या वेळानें अण्णा बाहेर आले. ते म्हणाले, “बाई, तुमचे वकील दुसरे आहेत. मी समोरच्या बाजूचा. मला तुमच्याशीं बोलतां येत नाहीं. तुम्ही तुमच्या वकिलांकडे जा.” आवाजांत राग नव्हता, पण ओलावाही नव्हता. बाई उठली. मुलानें लाडू खाल्ला नव्हता. तो त्यानें पायरीवर ठेवला आणि तो आईच्या मागोमाग गेला.

तो लाडू मीं पुष्कळ वर्षें मनांत जपून ठेवला. घरीं वादाचा प्रसंग आला कीं मी तो बाहेर काढीं. अण्णांची इच्छा मीं वकील व्हावें अशी होती. मी पुण्यास जाऊन इंग्रजी वाङ्मय शिकलों, आणि पुढें तेंच शिकवूं लागलों. पैशासाठीं शब्दांचा कीस काढणाऱ्या माणसाच्या पोटीं शब्दांवर निरपेक्ष प्रेम करणारा माणूस जन्मास आला, असा एक फुकटचा अभिमान मीं बाळगला होता. तो मीं कधीं बोलून दाखविला नाहीं. तथापि मुलाच्या मनांतलें न बोललेलें बापास ऐकूं येत नाहीं, असें मानण्याइतका मी तेव्हां अज्ञान होतों.

२००४ सालच्या उन्हाळ्यांत घराची डागडुजी काढावयाची होती, आणि ओसरीवरचीं कपाटें रिकामीं करणें भाग होतें. अण्णांच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू. एकावर शस्त्रक्रिया व्हावयाची होती. रद्दींत काय द्यावें आणि काय ठेवावें हें त्यांना वाचल्याशिवाय ठरवितां येईना, आणि वाचतां तर येईना. तेव्हां सुटींत घरीं आलेल्या प्राध्यापकानें फायली मोठ्यानें वाचाव्या आणि त्यांनीं ‘ठेव’ किंवा ‘टाक’ म्हणावें, असें ठरलें. तीन आठवडे रोज सकाळीं दोन तास हा कार्यक्रम चालला. बापलेकांनीं एकमेकांशीं इतका वेळ बोलल्याचा आमच्या घरांत तो पहिला आणि शेवटचा प्रसंग.

वाचतां वाचतां इकडचें तिकडचें निघे. एके दिवशीं मीं त्यांना वॉलेस स्टीव्हन्सची गोष्ट सांगितली. या अमेरिकन कवीवर मी वर्षानुवर्षें व्याख्यानें देत आलों होतों. १८७९ त जन्मलेला, हार्वर्डला शिकलेला हा गृहस्थ १९०४ सालीं न्यूयॉर्कमध्यें वकील झाला. १९१६ पासून मृत्यूपर्यंत, म्हणजे १९५५ पर्यंत, हार्टफर्ड शहरांतील एका मोठ्या विमा-कंपनींत त्यानें नोकरी केली आणि १९३४ सालीं तिचा उपाध्यक्ष झाला. मोटार चालविणें तो कधीं शिकला नाहीं; घरापासून कचेरीपर्यंत पायीं जाई आणि चालतां चालतां मनाशीं कविता जुळवी. कीर्ति झाल्यावर हार्वर्डनें त्याला मानाच्या व्याख्यानपीठावर बोलाविलें, तर कचेरी सोडवत नाहीं म्हणून त्यानें नकार दिला. १९२३ त निघालेल्या त्याच्या पहिल्या काव्यसंग्रहाचें नांव ‘हार्मोनियम’.

“पेटीवर कविता?” अण्णांनीं विचारलें.

“नांव नुसतें. आंत पेटी नाहीं.”

“असो. कचेरींत तो काय करी?”

हा प्रश्न मला कोणा विद्यार्थ्यानें कधीं विचारला नव्हता, आणि मीं स्वतःस विचारला होता तोही वरवरचा. मीं सांगितलें: बांधकामाचा मक्ता घेणाऱ्याबद्दल त्याची कंपनी जामीन राही. मक्तेदारानें काम अर्धवट टाकलें तर धनी कंपनीकडे दावा करी; मग तो दावा खरा कीं खोटा, पैसे द्यावे कीं काम आपण पुरें करून द्यावें, कीं कोर्टांत लढावें, हें कागद वाचून स्टीव्हन्स ठरवी. अण्णा एकदम सरसावून बसले. मोतीबिंदूंमागचे डोळे चमकले असें म्हणणें शास्त्रीय होणार नाहीं, पण मला तसें दिसलें खरें.

“म्हणजे आपल्याकडे बँक हमी देते, तसें. पण बँक नुसते पैसे मोजते. इमारत पुरी करीत नाहीं. हा पुरी करवी?”

“कधीं कधीं.”

“मग अर्धवट कामाचें माप कोण घेई? पहिल्यानें कोठवर केलें आणि दुसऱ्यानें कोठून उचललें, हें ठरवायचें कसें?”

मला उत्तर देतां आलें नाहीं. स्टीव्हन्सच्या प्रतिमासृष्टीवर मी तासभर बोलूं शकलों असतों. त्याच्या अर्धवट इमारतींचें माप कोण घेई हें मला ठाऊक नव्हतें. या माणसाचा अर्धा दिवस मीं त्याच्या चरित्रांतील एक गंमतीदार विसंगति म्हणून वर्गांत वापरला होता. कवि आणि विमेवाला! मुलें हंसत. एकाच दिवसांत एकच माणूस आठ तास कागद वाचतो, आणि तेच डोळे, तीच सावधगिरी, तोच शब्दावरचा अविश्वास बरोबर घेऊन घरीं जातो, ही साधी गोष्ट माझ्या ध्यानांत आली नव्हती. फ्रान्झ काफ्काचेंही तेंच. १९०८ पासून तो प्रागच्या कामगार-अपघात विमासंस्थेंत होता. बांधकामाच्या धंद्यांतील कोणाकोणाचा विमा सक्तीचा, यावर त्यानें अहवाल लिहिला होता. लांकूड रंधणाऱ्या यंत्रांत कामगारांचीं बोटें कशीं तुटतात तें आकृत्या देऊन दाखविलें होतें. आम्ही त्याच्या कथांतील कचेऱ्या शिकवितों. तो स्वतः ज्या कचेरींत बसे तेथें तुटलेल्या बोटांची किंमत ठरे, हें आम्ही तळटीपेंत घालतों.

या बोलण्यानंतर दोनतीन दिवसांनीं दोन निळ्या फायली निघाल्या.

पहिली १९८१ ची. वाळूनें भरलेली मालमोटार घाटांत उलटली आणि वर बसलेला एक मजूर चिरडून मेला. विधवेचा दावा. कंपनीच्या तपासनिसानें अहवाल दिला होता कीं मृत मनुष्य भाडें देऊन बसलेला उतारू होता. ड्रायव्हरचा तसा जबाब. हा मुद्दा कंपनीच्या दृष्टीनें सोन्याचा. त्या वेळीं १९३९ चा मोटार-कायदा चालू होता. मालमोटारींत बसलेल्या उतारूचा विमा उतरविण्याची सक्ती त्या कायद्यांत नाहीं, असा अर्थ न्यायालयें लावीत. असल्या फुकट्या उतारूंबद्दल सर्वोच्च न्यायालयाचाही १९७७ चा निवाडा कंपन्यांच्या बाजूनें होता. उलट, मेलेला मनुष्य मोटारमालकाचा नोकर असेल आणि कामावर असतांना त्या मालमोटारींतून जात असेल, तर १९२३ च्या कामगार-नुकसानभरपाईच्या कायद्यापुरती जबाबदारी कंपनीवर येई. म्हणजे येथेंही एका शब्दाचाच प्रश्न: उतारू कीं नोकर? मुरूम कीं खडक?

त्या फायलींत तपासनिसानेंच गोळा केलेल्या कागदांत मोटारमालकाच्या हजेरीपटाच्या दोन पानांची नक्कल होती. मालक स्वतः छोटा मक्तेदार. पटांत मृताचें नांव नव्हतें. निदान दाव्यांत जें होतें तें नव्हतें. होतें एक घरगुती हांक मारण्याचें नांव, बापाचें नांव आणि गांव. बापाचें नांव आणि गांव जुळत होतें. अण्णांनीं पेन्सिलीनें त्या ओळीखालीं रेघ मारली होती. त्या ओळींत रोजच्या हजेरीच्या खुणा होत्या, सहा दिवस खूण आणि एक दिवस कोरा, अशा ओळीनें. आणि अपघाताच्या तारखेनंतर सगळें घर कोरें. महिना संपेपर्यंत कोरें.

पुढें कंपनीस लिहिलेल्या इंग्रजी पत्राची प्रत होती. ती मीं वाचून दाखविली. पत्र कोरडें, अगदीं पावकी-निमकीसारखें. सोबतच्या हजेरीपटावरून मृत हा नोकर होता असें दिसतें. सबब तो उतारू असल्याची कैफियत मला सत्य म्हणून दाखल करतां येणार नाहीं. कामगार-कायद्याप्रमाणें होणारी रक्कम भरून मोकळें व्हावें असा माझा सल्ला आहे. तो मान्य नसल्यास कागदपत्र परत नेण्याची व्यवस्था करावी. कंपनीनें दोन महिन्यांनीं सल्ला मान्य केला होता. रक्कम मोठी नव्हती. विधवेस तिच्या नवऱ्याची ओळ कोणी वाचली हें कळण्याचें कांहीं कारण नव्हतें.

मीं वाचणें थांबवून विचारलें, “अण्णा, पायरीवर येऊन बसली होती ती बाई हीच काय?”

“कोणती?”

मीं चहाचें, लाडवाचें सांगितलें. ते जरा वेळ आठवीत राहिले.

“असेल,” ते म्हणाले. “बऱ्याच येत.”

दुसरी फाईल १९८७ ची. भाजीच्या पाट्या घेऊन बाजाराला निघालेली एक बाई, एस. टी. चुकली म्हणून मालमोटारींत बसली. स्वतःचें आणि पाट्यांचें भाडें दिलें. घाटांत मोटार कठड्यावर आदळली आणि ती गेली. मागें नवरा आणि तीन मुलें. येथें नोकरीचा प्रश्नच नव्हता. ती मालाबरोबर निघालेली मालाची मालकीण. अशांची जबाबदारी विमा-कंपनीवर येते कीं नाहीं याविषयीं उच्च न्यायालयांत मतभेद होते. अण्णांनीं कंपनीच्या बाजूचे निवाडे पुढें ठेवले, ते मान्य झाले, आणि कंपनी सुटली. मोटारमालकावर हुकूम झाला. पण तोंवर त्यानें मोटार विकली होती. नवऱ्याच्या हातीं हुकुमाची नक्कल तेवढी पडली असावी.

“ठेव कीं टाकूं?” मीं विचारलें.

अण्णा गप्प राहिले. मग म्हणाले, “उलट बाजूचा एक निवाडा होता. दुसऱ्या प्रांताच्या हायकोर्टाचा. आपल्या कोर्टावर बंधनकारक नव्हे. मला ठाऊक होता. तिच्या वकिलाला नव्हता. पोरगेला होता बिचारा. मीं सांगितला नाहीं.”

“सांगायला हवा होता?”

“कायद्यानें नाहीं. बंधनकारक असता तर सांगावाच लागला असता. हा नव्हता.” आणि थोड्या वेळानें, “मुन्सफगिरी करायला मी गेलों नव्हतों तेथें. वकिली करायला गेलों होतों.” मग पुन्हां, “ठेव ती.”

मीं ती ठेवली. पहिली फाईल त्यांनीं रद्दींत टाकावयास सांगितली होती. तीही मीं त्यांना न कळवितां ठेवून घेतली.

या दोन फायलींवर मी आजवर पुष्कळ विचार केला आहे. पहिलीच सांपडली असती, तर हा लेख मीं फार पूर्वींच लिहिला असता, आणि तो वाचून वाचकांच्या डोळ्यांत पाणी आलें असतें. दुसरीच सांपडली असती, तर माझा लाडू खरा ठरला असता. दोन्ही एकाच कपाटांत, एकाच हस्ताक्षरांत निघाल्या, हीच अडचण आहे.

विमेदाराच्या बाजूनें उभें राहणें म्हणजे अनाथांच्या तोंडचा घांस काढणें, हें मत मीं बाळपणीं बनविलें होतें. तें अगदींच खोटें नाहीं. पण अपुरें आहे. साडेतीन हजारांहून अधिक वर्षांपूर्वीं बाबिलोनच्या हम्मुरबी राजानें जो कायदा शिळेवर कोरविला त्यांत लिहिलें आहे कीं, बांधणाऱ्याच्या हलगर्जीपणानें घर पडून घरधनी मेला तर बांधणाऱ्यास ठार करावें. घरधन्याचा मुलगा मेला तर बांधणाऱ्याच्या मुलास ठार करावें. येथून निघून मनुष्य हजेरीपटावरील वेतनाचा गुणाकार करून विधवेस रक्कम देण्यापर्यंत आला, हा प्रवास मला काव्याहून कमी वाटत नाहीं. जिवाची किंमत पैशांत करणें क्रूर दिसतें खरें. पण दुसऱ्या जिवांत करण्यापेक्षां तें खचित बरें. आतां ही रक्कम येते कोठून? पुष्कळांनीं थोडेथोडे हप्ते भरून केलेल्या सांठ्यांतून. त्या सांठ्याच्या दारावर कोणीतरी बसलें पाहिजे, आणि जो बसेल त्यानें येणाऱ्यास ‘तुझा हक्क दाखीव’ असें विचारलें पाहिजे. तेथें बसणाऱ्याचा विवेक जागा असावा, एवढेंच आपणांस मागतां येईल. लॉर्ड मॅन्सफील्ड या इंग्रज न्यायाधीशानें १७६६ सालीं सुमात्रा बेटावरील एका किल्ल्याच्या विम्याच्या खटल्यांत विम्याचें मूळ तत्त्व सांगितलें तें असें कीं, हा करार परम सचोटीचा; यांत ठाऊक असलेलें लपवितां कामा नये, आणि हें बंधन दोन्ही पक्षांवर आहे. त्या खटल्यांत तें तत्त्व सांगून निकाल विमेवाल्याच्या विरुद्ध दिला गेला, हेंही ध्यानांत ठेवण्याजोगें आहे. अण्णांना तो खटला पाठ होता. त्यांनीं पहिल्या फायलींत त्या तत्त्वाचें पालन केलें. दुसरींत त्यांनीं जें केलें तें त्या तत्त्वाच्या अक्षराविरुद्ध नव्हतें. एरवीं ती फाईल त्यांनीं ‘ठेव’ म्हटलें नसतें, आणि ‘टाक’ म्हणणेंही त्यांना जड गेलें नसतें.

त्या भाजीवालीच्या बाबतींत कायद्यानेंच पुढें आपलें मन बदललें. १९८८ सालीं नवा मोटार-कायदा झाला, आणि १९९४ च्या दुरुस्तीनें मालाबरोबर जाणाऱ्या मालकाचा समावेश विम्याच्या सक्तींत करण्यांत आला. दुरुस्ती सात वर्षें आधीं झाली असती, किंवा एस. टी. सात वर्षें उशिरां चुकली असती, तर तिच्या मुलांस पैसे मिळाले असते. फुकट्या उतारूंविषयीं तर सर्वोच्च न्यायालयानें २००० सालीं एक अर्थ लावला आणि २००२ सालीं अधिक न्यायाधीशांच्या पीठानें तो फिरविला. मधल्या दोन वर्षांत ज्यांचे दावे निकालांत निघाले ते सुदैवी. शब्द तेच असतां अर्थ बदलतो, हें आम्ही वर्गांत मोठ्या उत्साहानें सांगतों, आणि मुलें तें वहींत उतरून घेतात. तो अर्थ बदलण्याची वाट पाहत एखादें घर उपाशी बसलेलें असूं शकतें, हें आमच्या वर्गांत कोणी सांगत नाहीं.

अण्णा २००९ सालीं गेले. त्यांच्यामागें मीं त्यांचा धंदा शिकलों नाहीं. या वयांत तें शक्यही नव्हतें. परंतु माझा स्वतःचा धंदा जरा निराळ्या रीतीनें करूं लागलों. कविता शिकवितांना आतां मी मुलांना आधीं विचारतों: हें कोण बोलतें आहे, कोणाशीं, आणि यांतला कोणता शब्द बदलला तर कोणाचें नुकसान होईल? पहिल्यानें मुलें गोंधळतात. मग त्यांतलीं दोनचार जागीं होतात. २०२२ सालीं आपल्या देशांतही विमा-कंपन्यांना बांधकामाच्या मक्तेदारांस जामीन राहण्याची मुभा मिळाल्याचें मीं वर्तमानपत्रांत वाचलें, तेव्हां बातमी सांगण्यासाठीं मी अभावितपणें ओसरीकडे वळलों होतों. अर्धवट कामाचें माप कोण घेणार, हें त्यांनीं लगेच विचारलें असतें.

हा दगडही त्याच उन्हाळ्यांत माझ्याकडे आला. गेल्या वर्षीं आमच्या महाविद्यालयांतील भूगर्भशास्त्राचे एक सहकारी घरीं आले असतां मीं तो त्यांच्या हातीं दिला आणि विचारलें, “सांगा, हा मुरूम कीं खडक?” त्यांनीं तो खिडकीजवळ नेऊन उलटासुलटा केला. आपल्या दख्खनच्या पठारावर, ते म्हणाले, मुरूम ही काळ्या खडकाहून निराळी जात नव्हेच. तोच बेसॉल्ट ऊनपावसानें युगानुयुगें झिजून मुरूम होतो. खालीं खडक, वर मुरूम. मध्यें नक्की रेघ अशी कोठेंच नसते. रेघ मारावी लागते ती दर ठरविणाऱ्यास.

“मग हा?”

“हा वाटेवर आहे,” ते म्हणाले, आणि तो त्यांनीं उत्तरपत्रिकांवर परत ठेवला.